मास्तराचा वर्ग मास्तरानें पाहावा

सुताराचा पोर रंधा धरावयास पुस्तकांतून शिकत नाहीं. तो बापाशेजारीं बसून हात पाहतो, आणि बाप त्याचा हात पाहतो. लोहार, कुंभार, साळी, सर्वांची विद्या अशीच चालत आली. पण मास्तर अध्यापक विद्यालयांतून एकदां बाहेर पडला कीं दार लोटून एकटाच शिकवितो. दुसऱ्या मास्तराचा पुरता पाठ बहुधा पुन्हां कधीं पाहत नाहीं. हें नवल नव्हे काय?

तपासणी होते, नाहीं असें नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं सांगितलें कीं, डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षांतून एका फेरीचा फारसा उपयोग नाहीं, निदान दर तीन महिन्यांनीं शाळा तपासावी. मागणी रास्तच होती. पण साहेब यावयाचा म्हटला कीं हुशार मुलें पुढें बसतात आणि घोटलेला धडा म्हणून दाखविला जातो.

सोबती मास्तर मागें बसला तर गोष्ट निराळी. त्यानें फळ्याकडे नव्हे, मुलांकडे पाहावें. ५२ मधून २७ वजा करून पोरगें ३५ मांडतें. शिकविणारा 'चूक' म्हणून पुढें जातो. मागें बसलेल्यास दिसतें कीं, दोहोंतून सात जात नाहींत म्हणून पोर सातांतून दोन काढीत आहे. तें मठ्ठ नव्हे. दशक सुटा करणें त्यास कोणी नीट दाखविलेलें नाहीं. कोपऱ्यांतील मजुराच्या मुलीस तासभर एकही प्रश्न विचारला नाहीं, हेंही त्यासच दिसतें. पुढें तिचीच शाळा सुटते, आणि आम्ही खुशाल म्हणतों, 'तिला डोकेंच नव्हतें!'

जपानांत मास्तर मिळून धडा बेततात, एकजण शिकवितो, बाकीचे पाहतात, मग बोलणें होतें. ही रीत तेथें शंभरांवर वर्षें मुरली आहे. आपल्याकडे केंद्रांतील शाळांची शिक्षण परिषद भरते; तींत परिपत्रकें वाचण्याऐवजीं एक पाठ पाहिला तर दमडीचाही खर्च नाहीं. मात्र पाहिलेलें साहेबाच्या दप्तरीं जातां कामा नये, नाहींतर पुन्हां तेंच सोंग.

अडचण दोन मास्तरांच्या शाळेंत आहे. एक गेला तर दुसऱ्यावर सारे वर्ग पडतात. तरीही, शेतकरी बंधूंनो, तुमचा मास्तर महिन्यांतून एक सकाळ शेजारच्या गांवीं वर्ग पाहावयास गेला तर 'मास्तर हिंडतो' अशी तक्रार करूं नका. परत आल्यावर 'गुरुजी, काय पाहून आलांत?' हें मात्र अवश्य विचारा.