हयातीतील व्यवस्था

साठी उलटली म्हणजे आपल्या पश्चात घराचे काय होईल, ही चिंता गृहस्थास लागतेच. अहमदपुरातील आमचे राहते घर मुलांस बक्षीस देऊन मोकळे व्हावे, असे आम्ही गेल्या महिन्यात मनात आणले. बेत ऐकून आमच्या कुटुंबाने एवढेच विचारले, “अहो, तुमच्यामागे मी राहिले, तर कोणाच्या घरात राहीन?” जन्मभर व्याकरण शिकविले, पण या प्रश्नास उत्तर सुचेना.

बक्षीसपत्र नोंदले जाऊन मुलांनी ते स्वीकारले की मालकी तत्क्षणी जाते. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या कायद्याच्या कलम २३ अन्वये सांभाळ न झाल्यास ते रद्द करवून घेता येते खरे. परंतु तशी अट सिद्ध व्हावी लागते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ सालचा निर्णय आहे. मृत्युपत्र करावे तर ते मृत्यूनंतरच बोलू लागते; हयातीत स्मृती गेली, तर भाडे कोणी घ्यावे व औषधास पैसा कोणी द्यावा, हे ते सांगत नाही.

तिसरा मार्ग न्यासपत्राचा. १८८२ च्या न्यास कायद्याप्रमाणे मिळकत विश्वस्तांकडे सोपवून तिचा उपयोग कोणासाठी व कसा व्हावा, हे लिहून ठेवता येते. पती-पत्नींपैकी शेवटचे माणूस असेतो त्याचा निवास व निर्वाह, आणि तदनंतर मुलांस वाटणी, असा क्रम त्यात घालता येतो. स्थावर मिळकतीचा असा दस्त हयातीत करावयाचा तर तो नोंदवावाच लागतो. मात्र न्यास मोडण्याचा अधिकार दस्तात स्पष्ट राखून ठेवावा. तो नसेल तर सर्व लाभार्थ्यांची संमती लागते. आणि त्यांत एखादा अज्ञान नातू असला, की तीही वाट बंद होते.

आणखी एक गोष्ट. आमच्या लातूर जिल्ह्याच्या सीमेलगत, बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तेथे विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली व वडिलार्जित मिळकतीत पुत्राचा जन्मतः हक्क सांगितला. २००५ च्या दुरुस्तीने तोच हक्क कन्येसही मिळाला. तेव्हा एकत्र कुटुंबाची मिळकत एकट्याने न्यासात घालू नये. स्वकष्टार्जित तेवढीच घालावी.

आमचे घर पगारातून बांधलेले, म्हणून ही अडचण नाही. वकिलांकडून आलेल्या मसुद्यात लाभार्थी म्हणून पहिली नावे मुलांची होती. ती आम्ही खाली घेतली. तेथे आता प्रश्न विचारणारीचे नाव आहे.