रुंद टायर, अरुंद टायर आणि पुस्तकातले घर्षण

विद्यार्थी मित्रहो, 'घर्षणबल हे स्पर्शपृष्ठाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते' हे वाक्य तुम्ही परीक्षेत लिहिले असेल आणि त्याला पूर्ण गुणही मिळाले असतील. आता प्रश्न असा की, हे खरे असेल तर शर्यतीच्या मोटारींची मागची चाके एवढी रुंद कशासाठी? आणि ती अरुंद केली तर काय बिघडेल?

हा प्रश्न केवळ शर्यतीचा नाही. वालीवच्या कारखान्यांमधून मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाणारी वाहने पाहा. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून कोणी रुंद टायर बसवतो, तर चार पैसे वाचावेत म्हणून कोणी मागच्या चाकांना मिळेल त्या मापाचा जुना, अरुंद टायर लावतो. माझ्या मते दोघांची चूक एकच आहे. टायर हा गाडीपासून सुटा भाग आहे, असे दोघेही समजतात.

प्रथम थोडे गणित करू. १००० किलोग्रॅम वस्तुमानाच्या मोटारीच्या प्रत्येक चाकावर सुमारे २४५० न्यूटन भार येतो. टायरमधील हवेचा दाब २२० किलोपास्कल धरला, तर भार भागिले दाब, म्हणजे सुमारे १११ चौरस सेंटिमीटर एवढाच भाग रस्त्याला टेकतो. टपाल खात्याचे पोस्टकार्ड यापेक्षा थोडे मोठे असते! टायर अरुंद केला पण दाब तोच ठेवला, तर हे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. बदलतो तो आकार. १६ सेंटिमीटर रुंदीचा ठसा सुमारे ७ सेंटिमीटर लांब असेल, तर १४ सेंटिमीटर रुंदीचा सुमारे ८ सेंटिमीटर लांब होईल.

मग फरक कशाने पडतो? वळणावर टायरचे रबर आडवे ताणले जाते. आखूड व रुंद ठसा कमी पिळवटतो आणि गाडीला लागणारे अभिकेंद्री बल लवकर पुरवतो. शिवाय रुंद टायरची झीज व उष्णता अधिक रबरावर वाटली जाते, म्हणून तेथे मऊ, चिकट रबर वापरता येते. आमाँताँ याने १६९९ मध्ये मांडलेला घर्षणाचा नियम कठीण व कोरड्या पदार्थांना बराच लागू पडतो. रबर मात्र तो काटेकोरपणे पाळत नाही.

म्हणून रुंद टायर नेहमीच चांगला काय? नाही. वसईच्या पावसात रस्त्यावर पाणी साचले की, टायरला ते बाजूला सारावे लागते. रुंद टायरला जास्त पाणी सारावे लागते, आणि ते जमले नाही तर चाक पाण्यावर तरंगू लागते. नक्षी झिजलेल्या टायरच्या बाबतीत, २२० किलोपास्कल दाबाला, हे ताशी सुमारे ९५ किलोमीटर वेगाच्या आसपास घडू शकते. येथे अरुंद टायर सरस ठरतो.

खरा मुद्दा आहे पुढच्या व मागच्या चाकांच्या समतोलाचा. केवळ मागचे टायर अरुंद केले, तर वळणावर मागच्या चाकांची पकड आधी सुटते आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. घाबरून चालकाने ब्रेक दाबला, तर भार पुढे सरकतो, मागची चाके आणखी हलकी होतात आणि गाडी गिरकी घेते. १९७५ च्या 'पोर्शे ९११ टर्बो' या मोटारीचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे होते. तिला पुढे १८५ आणि मागे २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. ही रुंदी शोभेची नव्हती.

उलट उदाहरणेही आहेत. फॉर्म्युला वन शर्यतींत १९९३ मध्ये वळणावरील वेग आवरण्यासाठी मागच्या टायरची रुंदी १८ इंचांवरून १५ इंचांवर आणली गेली. २०२६ च्या नियमांत पुढचे टायर २५, तर मागचे ३० मिलिमीटरने अरुंद केले आहेत. हवेचा विरोध व वजन कमी व्हावे हा त्यातला हेतू. पण तेथे त्या टायरांसाठी सगळी मोटारच नव्याने आखतात. आपण गॅरेजमध्ये उभ्या उभ्या फक्त मागची दोन चाके बदलतो!

शिक्षकांना माझी विनंती आहे : घर्षणाचा नियम शिकवताना त्याची मर्यादाही शिकवा. एक वीट, एक फळी, ताणकाटा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे लहानमोठे दोन तुकडे एवढे साहित्य पुरेसे आहे. वीट आधी नुसती आडवी व उभी ओढा, मग तिच्याखाली एकेक तुकडा चिकटवून ओढा. आकडे फळ्यावर लिहा आणि नियम कोठे टिकतो, कोठे डळमळतो, हे मुलांनाच सांगू द्या.

आणि मित्रहो, तुमच्या घरी गाडी असेल तर टायरच्या कडेवरचे आकडे आज वाचा. १८५/६५ यातील पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा सांगतो की, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आहे. हे माप गाडीच्या माहितीपुस्तिकेशी जुळते का ते पाहा. जुळत नसेल, तर घरच्या मोठ्यांना विचारा : "हा टायर कोणी, आणि कोणता हिशेब करून बसवला?"