आधी ओळ ठरवा, मग पाने मोजा

मराठी पुस्तकाचा टाइप किती पॉइंटांचा घ्यायचा आणि दोन ओळींत अंतर किती सोडायचे, हे आपल्याकडे बहुतेक वेळा पानांचा हिशेब ठरवतो. मजकूर अंदाजापेक्षा जास्त निघतो, किंमत आधीच ठरलेली असते आणि मांडणी करणाऱ्याला निरोप जातो, '२१६ पानांत बसवा.' ओळी जवळ येतात, फॉर्म वाचतो. वाचक मात्र पन्नासाव्या पानाशी थकतो आणि पुस्तकच कंटाळवाणे आहे अशी समजूत करून घेतो. हा क्रम बदलला पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.

देवनागरी ओळ उभ्या दिशेने जास्त जागा मागते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक बसणारी जोडाक्षरे. इनडिझाइनचे ऑटो लेडिंग टाइपाच्या १२० टक्के असते, म्हणजे १३.५ पॉइंटांना १६.२. रोमन मजकुराला हे प्रमाण पुष्कळदा चालून जाते. देवनागरीत वरच्या ओळीत 'उद्ध्वस्त' आणि नेमके त्याखाली 'मूर्तींच्या' आले, की अनेक फाँटांत वरचे पाय खालच्या रफार-अनुस्वाराला भिडतात. भिडले नाहीत तरी पान काळे दिसते आणि ओळ संपवून परतणारी नजर पुढची ओळ चुकते.

शिशाच्या टाइपात अशी टक्कर सहसा होत नसे. डिग्री जुळणीत वरच्या मात्रा, मधले अक्षर आणि खालचा उकार वेगवेगळ्या तुकड्यांनी बसत. त्या सगळ्यांना जागा देऊनच ओळ उभी राही. लेड घालून अंतर वाढवता येई. टाइपाच्या बॉडीपेक्षा कमी करणे जुळाऱ्याच्या हातातच नव्हते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तके आजही हातात घ्यावीशी वाटतात, ती सुबक टाइपाइतकीच या शिस्तीमुळे. संगणकाने धातूची ही अट काढून टाकली. आता ती शिस्त आपण स्वतः पाळायची आहे.

पॉइंटाच्या आकड्यावरही विसंबू नये. एकाच १४ पॉइंटांत दोन फाँटची अक्षरे वेगवेगळ्या उंचीची निघतात, कारण मात्रांसाठी किती जागा राखायची आणि रोमन अक्षरांशी मेळ कसा घालायचा, हे प्रत्येक फाँटकार आपल्या परीने ठरवतो. म्हणून 'मागच्या पुस्तकाला १४ होता' एवढ्यावर नव्या फाँटची निवड करू नका. छापील प्रुफावर शिरोरेषेपासून 'म'च्या पायापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये मोजा आणि दोन फाँटची तुलना त्या मापाने करा.

टाइप, अंतर आणि ओळीची लांबी या तिन्ही गोष्टी एकत्रच ठरतात. डेमी एक-अष्टमांश आकाराच्या गद्य पुस्तकात एका ओळीत ९ ते ११ शब्द आणि टाइपाच्या १.३ ते १.४५ पट अंतर, येथून आम्ही सुरुवात करू. ओळ लांबली तर अंतर वाढवावे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात. 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' यासारखा शब्द पुढच्या ओळीत ढकलला गेला, की दोन्ही बाजूंनी सरळ केलेल्या मजकुरात शब्दांमध्ये खिंडारे पडतात. शब्दांतली फट ओळींतल्या फटीपेक्षा मोठी दिसू लागली, की नजर आडवी न जाता खाली घसरते. अशा वेळी ओळ तुटण्याच्या जागा हाताने तपासण्याला पर्याय नाही.

आता खर्चाचे बोलू. मजकुराची उंची पावणेसात इंच, म्हणजे ४८६ पॉइंट धरा. टाइप तोच १३.५. अंतर १६.२ ठेवले तर पानावर ३० ओळी बसतात, १८ ठेवले तर २७. पहिल्या हिशेबाने २१६ पानांत मावणारे पुस्तक दुसऱ्याने २४० पानांचे होते. फरक दीड फॉर्मचा. डबल डेमी कागदावर हजार प्रतींना वाया जाणारा कागद सोडून दीड रीम जास्त लागेल; त्यात प्लेटा आणि छपाई मिळवा. खर्च खरा आहे, आणि तो प्रकाशकाला आधी स्पष्ट सांगितला पाहिजे. पण तो वाचवायचाच असेल तर आधी कोरी पाने, प्रकरणांच्या आरंभीची रिकामी जागा आणि समास तपासावेत. अंतराला हात सर्वांत शेवटी लावावा.

मुद्रक, प्रकाशक आणि मांडणीकारांना आमची विनंती आहे. अंदाजपत्रक करण्यापूर्वी त्याच पुस्तकाचे एक दाट मजकुराचे पान तीन वेगवेगळ्या अंतरांनी, ज्या कागदावर छापायचे त्याच कागदावर काढा. पडद्यावर मोठे करून पाहिलेले पान या कामी उपयोगाचे नाही. चाळिशी ओलांडलेल्या दोघातिघांना ती पाने घरच्या दिव्याखाली वाचायला द्या. त्यांना जे सुखाने वाचता आले, त्याचा फाँट, टाइप, अंतर आणि पानावरच्या ओळी कामाच्या कागदावर लिहून त्यावर प्रकाशकाची सही घ्या. पाने किती होतात, हे त्यानंतर मोजा आणि किंमत त्यावरून ठरवा.