आधी पोरीला जेवू घाला

(चिंतनासाठी वाचा : मार्क ५:२१-४३)



याईराच्या मुलीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. बारा वर्षांची मुलगी, घरात रडारड, दारात गर्दी. प्रभू आत जातो, तिचा हात धरतो आणि ती उठून चालू लागते. आपल्या प्रवचनांत गोष्ट बहुधा इथेच संपते. पण मार्क पुढे आणखी एक गोष्ट नोंदवतो आणि ती आपल्या नजरेतून सुटते. घरातली माणसे थक्क होऊन उभी आहेत आणि प्रभू त्यांना मुलीच्या जेवणाची आठवण करून देतो.

ज्याने तिला मरणातून उठवले, त्याच्या लक्षात तिची भूक राहिली. चमत्कार झाला म्हणून जेवणाची गरज संपली नाही. उठलेल्या पोरीला उभे राहायचे तर अन्न लागणारच. आम्ही धर्मग्रामातले स्वयंसेवक गेले वर्षभर या एका वाक्यापाशी पुन्हा पुन्हा थांबलो आहोत. कारण आमच्याकडून झालेली एक चूक. ती आज मोकळेपणाने सांगायची आहे.

बिस्किटांचा नाताळ

आमचा आदिलाबाद जिल्हा पैनगंगेच्या अलीकडचा. नदी ओलांडली की यवतमाळ. पूर्वी हा सगळा भाग चांद्याच्या धर्मप्रांतात होता. १९९९ मध्ये आदिलाबादचा धर्मप्रांत वेगळा झाला. त्यामुळे आमच्याकडे मिस्सा तेलुगूत आणि घरची प्रार्थना मराठीत, असे चालते. आजूबाजूला गोंड आणि कोलाम बांधवांच्या वस्त्या. पलीकडे यवतमाळात ज्याला कोलामपोड म्हणतात, त्याला इकडे गुडा म्हणतात.

चौदा महिन्यांपूर्वीच्या नाताळात आम्ही अशाच एका गुड्यावर गेलो. वर्गणी जमवून एक गाडी भरली होती : बिस्किटांचे पुडे, गोळ्या, केक, लाल-नारिंगी सरबताच्या बाटल्या. मुलांनी गलका केला, आम्ही गाणी म्हटली, फोटो काढले. आम्हाला वाटले, प्रभूचा आनंद आम्ही घरोघरी पोचवला.

निघताना अंगणवाडीची ताई हळूच म्हणाली, "दादा, राग नका मानू. पण आज अंडी तशीच राहिली. सकाळीच बिस्किटं पोटात गेली की पोरं डाळभाताला तोंड लावत नाहीत."

मग तिने आम्हाला एका झोपडीत नेले. दीड वर्षाचे पोर आजीच्या मांडीवर होते. ना रडत होते, ना खेळत होते. ताईने त्याच्या दंडाला रंगीत पट्टी लावली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर पट्टी लाल दाखवते. म्हणजे कुपोषण तीव्र आहे, जिवाला धोका आहे. पट्टी लाल होती. आणि पोराच्या मुठीत आम्ही दिलेले बिस्किट होते.

त्याची आई पाठच्या बाळाच्या वेळी गरोदर होती आणि कापूस वेचायला गेली होती. पोषण पुनर्वसन केंद्रात दोन आठवडे राहा, असे तिला दोनदा सांगून झाले होते. संध्याकाळी ती भेटली तेव्हा एवढेच म्हणाली, "वेचणी टाकून कशी जाऊ? घरी अजून दोन हायेत." आमची गाडी रिकामी परत आली. रस्ताभर कोणी बोलले नाही.

भूक आणि आजार

कुपोषण म्हणजे फक्त रिकामे पोट नव्हे. पोट भाताने भरलेले असते, तरी रक्तात लोह नसते, स्नायूंना प्रथिने नसतात. अशा मुलाला साधे जुलाब झाले की ते आडवे होते. आजारपणात खाणे सुटते, खाणे सुटले की अंगातली ताकद जाते आणि पुढचा आजार आणखी लवकर येतो. म्हणून दवाखान्यातले औषध एकटे पुरत नाही. औषध तापाला उतरवेल, पण झिजलेले अंग भरून काढायला ताटच लागते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तेलंगणात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी ३३ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या ७० मुलांना रक्तक्षय होता, आणि १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी जवळजवळ ५८ जणींना. हे आकडे सबंध राज्याचे, हैदराबादसह. रक्त कमी असलेली मुलगी पुढे आई होते आणि तिचे बाळ जन्मतःच हलके असते. गर्भातले नऊ महिने आणि जन्मानंतरची दोन वर्षे, असे साधारण हजार दिवस जे मिळते, त्यावर त्या जिवाची उंची, ताकद आणि बुद्धी बरीचशी ठरते. हा काळ गेला की तो भरून काढणे फार अवघड.

आफ्रिकेतली एक गोष्ट इथे आठवते. १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या. अंगावर सूज, केस भुरे, मूल मलूल, असा आजार त्यांनी पाहिला. तिथल्या गा भाषेत त्याला ‘क्वाशिओरकोर’ म्हणत. अर्थ असा की पाठचे भावंड आले की आधीच्या लेकराला होणारे दुखणे. मूल अंगावरच्या दुधावरून उतरते आणि त्याच्या वाट्याला नुसते पिठूळ अन्न येते. डॉक्टरांनी शोध लावायच्या आधीच त्या आयांनी कारण ओळखले होते. आमच्या गुड्यावरची ती झोपडी आणि घानातली ती आई यांच्यात किती थोडे अंतर आहे!

ताटातून गेलेली ज्वारी

त्या पोराच्या आजीशी पुढे आमची ओळख वाढली. एकदा ती म्हणाली, "आमच्या वक्ताले घरी जवारी राहे, बाई. कण्या, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, मोहाची फुलं. आता वावरात कापूस अन् ताटात कंट्रोलचा भात."

एवढ्या थोड्या शब्दांत तिने जिल्ह्याची कहाणी सांगितली. काळ्या मातीत कापूस आला. त्याने हातात रोख पैसा दिला, पण तो पैसा बियाणे, खत आणि कर्ज यांत गेला. रेशनच्या तांदळाने उपासमार टाळली, हे खरेच. त्याबद्दल कृतज्ञ असावे. पण ज्वारी, तूर, रानभाज्या आणि मोह मिळून जे ताट होत होते, ते मोडले. कापूस लावणाऱ्याला दोष देऊ नये. त्यालाही मुलांच्या शाळेसाठी आणि दवाखान्यासाठी पैसे लागतात. मात्र ‘आदिवासींना खाण्यातले कळत नाही’ असे जे आपण सहज बोलून जातो, ते थांबवले पाहिजे. त्यांना कळत होते. त्यांच्या हातून ते निसटले.

यहेज्केल संदेष्ट्याला गहू, जव, कडधान्ये आणि भरडधान्य एकत्र करून भाकर करायला सांगितले होते. ती वेढ्यातल्या उपासमारीच्या दिवसांची भाकर होती. आज हैदराबादजवळच्या पटांचेरूची इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि उटनूरची आदिवासी विकास यंत्रणा यांनी ‘गिरी पोषण’ या उपक्रमात ज्वारी, हरभरा, शेंगदाणे यांचेच तयार पदार्थ करून अंगणवाड्यांत दिले. उटनूरमध्येच आदिवासी बायकांची सहकारी संस्था मोहफुलांचे लाडू बनवते. जे अन्न आपण मागासलेले म्हणून बाजूला सारले, तेच आता औषधासारखे परत येत आहे.

शिवाय तेलंगणात जानेवारी २०१५ पासून आरोग्य लक्ष्मी योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचे पूर्ण जेवण, अंडे आणि दूध मिळते. योजना चांगली आहे. पण वेचणीला गेलेली आई दुपारी अंगणवाडीत पोचत नाही. कागद आणि ताट यांमध्ये दोन-तीन किलोमीटरचे अंतर असते. आपल्यासारख्यांची गरज आहे ती नेमकी तिथे.

हे चर्चचे काम आहे का?

काहीजण आम्हाला विचारतात, हे सरकारचे काम, आपण आत्म्याकडे पाहावे. अरण्यात सैतानाने दगडाच्या भाकरी करायला सांगितले तेव्हा प्रभूने नकार दिला होता, याची आठवणही करून देतात. आम्ही नम्रपणे एवढेच म्हणतो : तो नकार स्वतःच्या भुकेसाठी होता. समोर पाच हजार भुकेले बसले तेव्हा त्याने त्यांना रिकाम्या पोटी घरी धाडले नाही. स्वतःच्या भुकेबाबत संयम आणि शेजाऱ्याच्या भुकेबाबत घाई, असा तो क्रम आहे. आपण बरेचदा तो उलटा करतो.

आपल्याच मराठी ख्रिस्ती परंपरेत याचा मोठा दाखला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेले. लोकांनी त्यांच्याकडे आधी औषध मागितले नाही. अन्न आणि पाणी मागितले. त्या दोघांनी ते ऐकले. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळाचे वजन कसे करावे, जुलाबात काय द्यावे, हे त्या बायका शेजारणीला शिकवू लागल्या. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडून शिकण्याची पहिली गोष्ट म्हणजे देण्याआधी विचारणे. आम्ही गुड्यावर जाताना कोणाला काही विचारले नव्हते.

दुसरी गोष्ट मलावीने शिकवली. शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वे यांचे तयार पाकीट देऊन अतिकुपोषित मुले घरीच, आईजवळच बरी होऊ शकतात, हे तिथल्या खेड्यांत दिसून आले. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी अशा गावपातळीवरच्या उपचाराला मान्यता दिली. ज्या मुलाला ताप, सूज असते किंवा ज्याची भूक मेलेली असते, त्याला दवाखान्यातच न्यावे लागते. पण बाकीच्यांसाठी मदत आईच्या दाराशी गेली पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट आमच्या मनाची. अन्न देताना अट नको. पाच हजारांना जेवू घालताना प्रभूने कोणाचे नाव लिहून घेतले नाही, उद्या येशील का म्हणून विचारले नाही. भुकेल्याच्या ताटाला आपण आपल्या प्रार्थनेची किंमत लावली, तर ती दया राहत नाही, सौदा होतो. गुड्यावर नागोबाला मानणारे घर असो की आपले, अंडे तेच आणि तितकेच.

पुढे काय झाले

नाताळानंतरच्या आठवड्यात तीच गाडी पुन्हा गेली, यावेळी रिकामी. त्या आईला आणि पोराला केंद्रात पोचवले. घरच्या दोन मुलांकडे आजी होतीच. तिच्या मदतीला आमच्या दोन भगिनी आळीपाळीने जात राहिल्या. बुडालेल्या मजुरीची भरपाई वर्गणीतून केली. पोराचे वजन वाढले. पावसाळ्यात पुन्हा जुलाब झाले, पुन्हा वजन घसरले, पुन्हा धावपळ झाली. आता पट्टी हिरवी दाखवते. पण आम्ही निश्चिंत नाही, कारण पाठचे बाळ आता नऊ महिन्यांचे आहे आणि वरचे अन्न खाऊ लागले आहे.

म्हणून या उपवासकाळात आमची विनंती साधी आहे. आपल्या आज्या भाताचे आधण ठेवताना देवळासाठी मूठभर धान्य बाजूला काढत. ती मूठ पुन्हा सुरू करू या. तांदळाऐवजी तूरडाळ, शेंगदाणे, ज्वारी काढू या. वस्तीवर जाताना बिस्किटे आणि रंगीत पाणी नेऊ नये. अंडी, गूळ-शेंगदाणे, केळी न्यावीत, आणि तीही अंगणवाडीच्या ताईला विचारून. ज्यांच्याकडे दुचाकी आहे त्यांनी आठवड्यातून एक दुपार गरोदर बाईला अंगणवाडीपर्यंत नेण्यासाठी द्यावी. परसात जागा असेल तिथे शेवगा आणि अंबाडी लावायला मदत करावी. आणखी एक सावधगिरी : आपल्या भागात सिकलसेलचा आजार आहे. लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने वाटू नयेत. आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील तसे.

शुक्रवारी आपण एक वेळ उपाशी राहतो. वाचलेले ते जेवण कोणाच्या तरी ताटात गेले नाही, तर आपला उपवास फक्त आपल्या पोटापुरता राहतो.

प्रार्थना : हे प्रभू, तू मुलीला उठवलेस आणि तिच्या भुकेचीही काळजी केलीस. आमच्या चांगुलपणातला आंधळेपणा दूर कर. देण्याआधी विचारायला, ऐकायला आणि पुन्हा जायला आम्हाला शिकव. आमेन.