कंग्राळीचे मत आणि युरोपचा कौल

२०२९ च्या जूनमध्ये युरोपातील २७ राष्ट्रांचे नागरिक आपली सामाईक संसद निवडतील. त्याच सुमारास आपल्या लोकसभेचीही मुदत संपत आहे, आणि त्याआधी एक वर्ष कर्नाटकाच्या विधानसभेची निवडणूक व्हावयाची आहे. युरोपच्या निवडणुकीशी बेळगावच्या वेशीवरील कंग्राळीच्या शेतकऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. परक्या भाषेच्या राज्यात सापडलेल्या समाजाच्या मताला किंमत किती, हाच दोन्हीकडचा प्रश्न आहे.

बेळगावचा इतिहास गोमंतकीय वाचकांस नव्याने सांगावयास नको. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातून काढून हा मुलूख म्हैसूर राज्यात घालण्यात आला. १६ जानेवारी १९६७ रोजी विलीन व्हावे की नाही, हे गोमंतकाला मतपेटीतून विचारले गेले. त्या कौलाचा आनंद कोणाला झाला, कोणाला दुःख झाले. पण विचारले गेले, हे कोणीही नाकारणार नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाजन आयोगाने अहवाल देऊन बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे असे सुचविले. एका न्यायमूर्तींच्या लेखणीने जे ठरले, त्याबाबत सीमाभागातील माणसाला मात्र कोणी मत विचारले नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यालाही आता दोन दशके उलटली आहेत.

सार्वमत नाही, म्हणून सीमावासीयांनी प्रत्येक निवडणुकीलाच सार्वमत मानले. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावात ४५६ उमेदवार उभे राहिले, ते दिल्लीचे लक्ष वेधण्यासाठी. दिल्लीचे लक्ष वेधले गेले खरे. पण त्यातून निघाले काय? त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेच्या उमेदवाराची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १० हजार रुपयांवर नेण्यात आली. गाऱ्हाणे जेथल्या तेथे राहिले, गाऱ्हाणे मांडण्याची वाट तेवढी महाग झाली!

पुढे २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत समितीचा गड समजला जाणारा उचगाव मतदारसंघच नकाशावरून पुसला गेला. २०१३ साली महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले. २०१८ व २०२३ मध्ये एकही नाही. तेव्हा मराठी माणसाने हा प्रश्न सोडून दिला, असा निष्कर्ष काहींनी काढला. तो घाईचा आहे. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला सुमारे १ लाख १७ हजार मते पडली, आणि विजयी उमेदवाराचे मताधिक्य होते अवघे पाच हजारांच्या आसपास. एवढ्या मतांच्या पदरात जागेच्या रूपाने पडले शून्य.

आता इटलीकडे पाहू. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण टायरोल हा जर्मनभाषी मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. वस्ती आज सुमारे पाच लाख. मुसोलिनीच्या काळात तेथील जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावे बदलली गेली. ऑस्ट्रियाने १९६० साली हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. १९७२ साली व्यापक स्वायत्तता मिळाली. १९९२ साली तंट्यावर औपचारिक पडदा पडला. सीमा तसूभरही हलली नाही. पण शाळा, कचेरी व न्यायालय यांत जर्मन भाषेला मानाचे स्थान मिळाले. युरोपीय संसदेसाठी इटलीच्या कायद्यातच अशी तरतूद आहे की, या भाषिक अल्पसंख्याकांच्या पक्षाने आपली यादी मोठ्या पक्षाच्या यादीशी जोडावी. त्याच्या उमेदवाराने किमान ५० हजार मते मिळविली, तर त्या गटाच्या वाट्याच्या जागांतून एक त्याला मिळू शकते. म्हणून त्या चिमुकल्या प्रांताचा प्रतिनिधी आज तेथे बसतो.

यावरून सीमावासीयांनी आपला दावा सोडावा, असे आम्ही सुचवीत नाही. न्यायालयाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण तोवर सातबारा, परिपत्रके व सूचनाफलक मराठीत मिळण्यास अडसर कोणता? जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राचेच जुने धोरण आहे. घटनेचे ३५० अ हे कलम मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावयास सांगते. हे कर्नाटकाकडे मागितलेले दान नव्हे.

समितीनेही एक धडा घ्यावा. दक्षिण टायरोलच्या जर्मनभाषकांनी दशकानुदशके एका पक्षामागे एकजूट राखली. आपल्याकडे २०१८ मध्ये समितीचेच गट एकमेकांविरुद्ध उभे ठाकले. कायदा प्रतिकूल असताना दुफळी परवडत नाही. २०२८ ला अवधी थोडा आहे. कंग्राळीचा मतदार चिकाटीत कमी पडलेला नाही. त्याच्या चिकाटीला साजेसे नेतृत्व त्याला मिळते की नाही, एवढेच आता पाहावयाचे आहे.