आज्ञा आणि विवेक

आज्ञाधारकपणा हा विद्यार्थ्याचा पहिला गुण, असे आम्ही शिक्षक वर्गात नित्य सांगत असतो. ते योग्यही आहे. शिस्तीवाचून शाळा चालत नाही, कायद्यावाचून राष्ट्र चालत नाही. परंतु एवढे सांगून आम्ही थांबलो, तर ते शिक्षण अपुरे होय. आज्ञाच अन्यायाची असेल तर काय करावे, हेही विद्यार्थ्याला कधी तरी सांगितले पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर एका पोर्तुगीज अधिकाऱ्याने आपल्या आचरणाने दिले. आरिस्टिडिस द सौझा मेंडिस हे १९४० साली फ्रान्समधील बोर्दो शहरी पोर्तुगालचे कॉन्सल होते. जर्मन सैन्याने १४ जून रोजी पॅरिस घेतले आणि निर्वासितांचे लोंढे दक्षिणेकडे लोटले. त्यांत हिटलरच्या छळाला भ्यालेले सहस्रावधी ज्यू होते. स्पेनमधून लिस्बन गाठावे आणि तेथून बोटीने पलीकडे जावे, एवढाच मार्ग बहुतेकांना उरला होता. त्यासाठी पोर्तुगालचा व्हिसा हवा. आणि नोव्हेंबर १९३९ च्या परिपत्रकाने सालाझारच्या सरकारने अशा ज्यूंना लिस्बनच्या पूर्वसंमतीवाचून तो देण्यास मनाई केली होती.

मेंडिस यांनी खाइम क्रूगर या ज्यू धर्मगुरूला व त्याच्या कुटुंबाला व्हिसा देऊ केला. बाहेर तिष्ठणाऱ्या आपल्या बांधवांना सोडून एकट्याने जाण्यास क्रूगरने नकार दिला. मेंडिस काही दिवस अंथरुणाला खिळले. उठले ते निश्चय करूनच: मागेल त्याला व्हिसा द्यावयाचा; वंश, धर्म विचारावयाचा नाही. पुढील काही दिवसांत सह्या आणि शिक्के यांनी हजारो जीव वाचले.

त्याच उन्हाळ्यात लिथुआनियातील कौनास येथे जपानचे चिउने सुगिहारा हेच करीत होते. टोकियोची अनुमती नसताना त्यांनी दिलेल्या व्हिसांच्या यादीत २,१३९ नावे आहेत.

प्रत्येक अधिकारी आपल्या मताप्रमाणे वागू लागला तर राज्य कसे चालेल, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच विवेक आणि स्वैराचार यांतील भेद ओळखावयास शिकले पाहिजे. आज्ञा मोडणाऱ्याचा त्यात स्वतःचा लाभ आहे काय, आणि परिणाम भोगण्याची त्याची सिद्धता आहे काय, हे दोन प्रश्न विचारावे. गृहपाठ चुकविणारा मुलगा पहिल्याच प्रश्नापाशी अडतो. मेंडिस दोन्ही कसोट्यांना उतरतात. चौदा मुलांचा हा पिता सरकारी वेतनावर अवलंबून होता. सालाझारने त्यांना वर्षभर निम्म्या वेतनावर पदावरून दूर ठेवून मग सक्तीने निवृत्त केले. त्यांच्या कुटुंबावर लिस्बनच्या ज्यू अन्नछत्रात जेवण्याची पाळी आली. १९५४ साली ते दारिद्र्यात निवर्तले.

हाच सालाझार गोमंतकीयांच्या परिचयाचा आहे. डिसेंबर १९६१ मध्ये त्याने गोव्यातील आपल्या गव्हर्नर-जनरलला, व्हासालो ई सिल्वा यांना, मरेपर्यंत लढण्याची आज्ञा केली होती. त्यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करून व्यर्थ रक्तपात टाळला, आणि पुढे सैन्यातील पद गमावले. आज्ञा अक्षरशः पाळली गेली असती, तर आपल्या गावांची काय दशा झाली असती, याचा विचार प्रत्येकाने करावा.

इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने १९६६ साली मेंडिस यांचा गौरव केला. पोर्तुगालच्या संसदेने १९८८ साली त्यांना निर्दोष ठरविले. स्वदेशाचा न्याय मिळावयास मृत्यूनंतर चौतीस वर्षे लागली. सत्कर्माचे फळ लगेच मिळते, असे सांगून मुलांची फसवणूक करू नये.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण उद्या कचेरीत बसाल. तुमच्या हाती तलवार नसेल; लेखणी आणि शिक्का असेल. नियम नीट अभ्यासा, निष्ठेने पाळा. परंतु मेजापलीकडे उभा असलेला माणूस आहे, हे विसरू नका.