गणपतीला सगळे घरी येतील, तेव्हा कागद काढा

गणपती तोंडावर आलेत. पुण्या-मुंबईचे, नाशिकचे, एखादा दुबईचाही, सगळे गावी येतील. एका आरतीत उभे राहतील, एका पंगतीत जेवतील. माझी तुम्हाला हात जोडून एक विनंती आहे. यंदा गौरीजेवण झालं की दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर पत्ते बाजूला ठेवा. कपाटातले कागद काढा. सगळ्यांनी मिळून वाचा.

मी तालुक्याच्या कोर्टात वीस वर्षं वकिली करते. वाटपाच्या दाव्यांवर माझं घर चालतं. म्हणजे हे लिहून मी स्वतःच्याच पोटावर पाय देते आहे. देऊ द्या.

माझ्याकडे येणारी माणसं लबाड नसतात. काल-परवापर्यंत एका ताटात जेवलेली असतात. होतं काय, तर सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव राहतं. आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली. नाहीतर थोरल्या काकांचं नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून लागलेलं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काका कसत राहतात, कुणी काही विचारत नाही. मग एक दिवस शेतातून रस्ता जातो. मोबदल्याचे पैसे येतात आणि साहेब विचारतात, वारस किती? तोवर दोन पिढ्या गेलेल्या असतात. एका दाव्यात नुसती प्रतिवादींची नावं तीन पानं भरली होती. त्यातले निम्मे एकमेकांना ओळखतही नव्हते. मोबदला अडकतो, पीककर्ज अडकतं. आणि चुलतभाऊ एकमेकांच्या लग्नाला जायचे थांबतात.

हे तुम्ही थांबवू शकता. घरातलं माणूस गेलं की तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज द्या. कायदा तेच सांगतो. मृत्यूचा दाखला जोडा, वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडा. तलाठ्याकडे द्या, त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन भरा. 2025 मध्ये सरकारला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम राज्यभर चालवावी लागली. का, ते नावावरूनच कळतं. तीन महिने उलटून गेले असतील तरी जा. तीस वर्षं उलटली असतील तरीही जा.

आणि अर्जात सगळे वारस लिहा. सगळे.

‘ताईचं कशाला, तिचं लग्नात केलंय की.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता पुढचं मीच बोलून दाखवते. हिंदू कुटुंबात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने हे 1994 मध्येच मान्य केलं, देशभर 2005 मध्ये झालं. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी लेकीचा तो हक्क जात नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. बहिणीचं नाव वगळून केलेला फेरफार मालकी देत नाही. तो फक्त भांडण पुढच्या पिढीच्या गळ्यात घालतो. बहिणीला स्वखुशीने हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडू दे. पण दहाव्याच्या दिवशी, रडून डोळे सुजलेले असताना तिच्यापुढे कागद सरकवू नका. तिला वाचू द्या. तिच्या वकिलाला दाखवू द्या. हक्कसोडपत्र रीतसर नोंदवा, एकदा सोडलेला हक्क सहजी परत येत नाही. तुम्ही तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्यात, तुम्हाला हे सांगायला नको.

शहरातल्यांनो, तुम्ही हसू नका. तुमचं दुखणं वेगळं. ‘नॉमिनी लावलाय ना, मग झालं!’ झालं नाही. बँकेच्या ठेवीचा नॉमिनी, शेअरचा नॉमिनी हा राखणदार असतो. पैसे त्याच्या हाती येतात, पण ते वारसांचे असतात. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच पुन्हा सांगितलं. लग्नाआधी लावलेला थोरला भाऊ पन्नाशीतही नॉमिनीच असतो, आणि बायको बँकेच्या काउंटरसमोर मृत्यूचा दाखला धरून उभी असते. आजच पासबुकं काढा. नाव बदला. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. आणि त्यापुढे जाऊन मृत्युपत्र करा.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा कागद चालतो. समजेल अशा मराठीत लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांनीही तुमच्यासमोर करावी. साक्षीदार तुमच्याहून तरुण घ्या, ज्याला काही मिळणार आहे असा घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून टाका. वय झालं असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडा. फक्त स्वतःच्या हिश्श्याचंच लिहा, दुसऱ्याचा हिस्सा तुम्हाला वाटता येत नाही. मुसलमान कुटुंबांत एक तृतीयांशाची मर्यादा आहे, गोव्यात साधारण निम्म्याची. तिथे आधी विचारून घ्या. आणि कागद कुठे ठेवलाय ते सांगून ठेवा, कृपा करून! एका घरी मृत्युपत्र पोथीच्या फडक्यात निघालं, दाव्याचा निकाल लागल्यावर.

बायांनो, तुमच्याशी जरा वेगळं बोलायचंय. तुम्ही नोकरी करून फ्लॅट घेतलात. नवरा गेला, मूलबाळ नाही, म्हातारी आई तुमच्याजवळ राहते. उद्या तुम्हाला काही झालं आणि मृत्युपत्र नसलं, तर हिंदू वारसा कायद्याने तो फ्लॅट आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो. दिराकडे, पुतण्यांकडे. आईचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. ज्या आईने तुम्हाला शिकवलं तिला तुमच्याच घरातून बाहेर पडावं लागेल. एका कागदाने हे टळतं. मैत्रिणीला सोबत घ्या, दोघी मिळून लिहा.

आणि आजी-आजोबांनो, घाबरून सगळं आत्ताच मुलाच्या नावावर करू नका. मृत्युपत्र कधीही बदलता येतं. बक्षीसपत्र तसं फिरवता येत नाही. करायचंच असेल तर त्यातच लिहा, की मुलाने आम्हाला सांभाळायचं, दवाखाना बघायचा. ती अट लिहिलेली असली, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे जाऊन बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट नसली की वाट फार अवघड होते. मुलगा चांगलाच आहे, मला मान्य. तरी लिहा.

मला ठाऊक आहे, अडतं कुठे. मृत्युपत्राचा विषय काढला की आई म्हणते, ‘मला मारायला निघालात का रे?’ वडील उठून ओसरीवर जातात. म्हणून तुम्ही त्यांना काही म्हणूच नका. आधी तुमचं लिहा. चाळिशीत, तिशीत, धडधाकट असताना. त्यांच्यासमोर बसून लिहा, साक्षीदार म्हणून शेजारच्या दादांना बोलवा. माझ्या आईने माझं लिहून झालेलं दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, ‘मलाही एक कागद दे.’

विसर्जनाला सगळे परत आपापल्या गाड्या पकडतील. मग दिवाळी, मग कुणाची तरी रजा नसेल. गेल्या वर्षी असलेला एखादा माणूस यंदा पाटावर नसेल. म्हणून थांबू नका. सातबारा मोबाइलवर दिसतो, महाभूलेखवर. आत्ता उघडा. गट नंबर टाका. वर कुणाचं नाव आहे ते वाचा, आणि ते माणूस जिवंत आहे का, ते बघा.